दोन डावी, दोन उजवी आणि एक मधलं

आमच्या घरच्या वाटणीत कुणी जास्त मागितलं म्हणून भांडण झालं नाही. तसं झालं असतं तर चार नातेवाईक मध्ये पडले असते आणि कधीच मिटलं असतं. आमच्याकडे दोघे भाऊ कमी मागत होते. "तू घे", "नाही, तूच घे", एवढ्यावरून सख्खे भाऊ अकरा वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत, हे मी कुणाला सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग माझ्याकडे संशयाने बघतो.

मी थोरली सून. आमचे हे चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतात. केसाएवढा फरक असला तरी ह्यांना तो खुपतो. भावोजी वजनमापं तपासणारे इन्स्पेक्टर. सासरे, म्हणजे मामंजी, घड्याळं दुरुस्त करायचे. असल्या घरात 'साधारण' हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही. माझ्या माहेरी मीठ अंदाजाने पडायचं. इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी चमचा सपाट करायला सुरी वापरायला शिकले.

मामंजींना घड्याळांइतकाच नाद मासे धरण्याचा. गळाला गांडूळ लावून बसणं त्यांना कमीपणाचं वाटे. ते माश्या बांधत. माशी म्हणजे खरीखुरी नव्हे, लांब दांड्याच्या गळावर पिसं, जर आणि रेशीम गुंडाळून केलेलं सोंग. त्यांची माशी तर किड्यासारखीही दिसत नसे. बोटभर लांब, अंगाला चंदेरी जर, पाठीवर चार करडी पिसं, आणि दोन्ही गालांवर रानकोंबड्याचं एकेक ठिपक्याचं पीस, डोळ्याच्या जागी. पाण्यातून ओढली की घाबरून पळणारी मासोळीच. तिला सगळे 'बाबांची करडी' म्हणत.

सगळी मेख त्या चार पिसांत. कोंबड्याच्या मानेवर डावीकडची पिसं एका अंगाला वळतात, उजवीकडची दुसऱ्या. दोन डावी, दोन उजवी अशी समोरासमोर बांधली की माशी सरळ पोहते. चारही एकाच बाजूची घेतली की ती कलते आणि पाण्यात गोल गोल फिरत बसते. हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं.

मामंजी गेले आणि मागे करड्या कोंबड्याच्या मानेचं एक कातडं राहिलं, पिसांसकट. तसलं कातडं पुन्हा मिळायचं नाही, असं ते नेहमी म्हणत. दोघा भावांनी ते बरोब्बर मधोमध कापलं. भावोजींनी रेघ मारली, ह्यांनी डोळ्याला भिंग लावून पातं चालवलं. डावी बाजू भावोजींना, उजवी ह्यांना. थोडक्यात, सरळ पोहणारी माशी आता दोघांनाही बांधता येणार नव्हती, पण वाटणी कशी अगदी काटेकोर झाली.

आणि नेमकं रेघेवरचं एक पीस उरलं. ते कुठल्याच बाजूला वळत नव्हतं.

"दादा, हे तू घे."

"मी का? तू लहान आहेस, तू घे."

"लहान म्हणून मेहरबानी नकोय मला."

"मेहरबानी कसली? मोठा असून मी तुझ्या वाट्याचं खाऊ?"

दुपारी चहाच्या वेळी सुरू झालेलं हे भांडण जेवणाची पानं वाढली तरी चालूच होतं. शेवटी दोघेही ताडकन उठले आणि पीस खाली पडलं. ते कुणी उचललं नाही, कारण जो उचलेल त्याचं ते झालं असतं. दुसऱ्या दिवशी मी झाडायला गेले तेव्हा ते तिथे नव्हतं. कचऱ्यात गेलं असेल म्हणून मी विषय सोडून दिला. भावांनी मात्र एकमेकांशी बोलणं सोडलं.

बाकीच्या वाटण्या मुक्याने झाल्या. माश्या बांधायचं टेबल सुताराने मधून कापलं. आता दोन्ही अर्धी टेबलं दोन दोन पायांवर आपापल्या भिंतीला टेकून उभी आहेत. बांधताना गळ धरून ठेवणारी लोखंडी पकड, म्हणजे छोटा शेगडा, कापता येईना, म्हणून तो पॅसेजच्या खिडकीला कायमचा बसवला, एक दिवस ह्यांचा, एक दिवस त्यांचा, रविवारी सुट्टी. डोळ्यांची दोनच पिसं शिल्लक होती, दोघांनी एकेक डोळा डबीत बंद करून ठेवला. मामंजींचा रॉड मुळातच दोन तुकड्यांचा, त्यामुळे ती वाटणी झटक्यात उरकली. मूठ आणि रीळ ह्यांना, शेंडा भावोजींना.

मग आईंची, म्हणजे सासूबाईंची, वाटणी. ती मामंजींनी स्वतःच लिहून ठेवली होती, दुरुस्तीच्या पावतीच्या पाठीमागे, खाली सहीसकट. 'सोम, मंगळ, बुध थोरल्याकडे. गुरू, शुक्र, शनी धाकट्याकडे. रविवार, तळं.' त्यांच्या हयातीत रविवारी पहाटेपासून अंधार पडेपर्यंत घरात कुणी नसायचं, सगळे तळ्यावर. रविवारी माणूस घरी असू शकतो हे त्यांच्या डोक्यातच आलं नसणार.

आमच्या घराला मधोमध पॅसेज आहे. उजवीकडच्या खोल्या आमच्या, डावीकडच्या भावोजींच्या. रविवारी आई पॅसेजमध्ये खुर्चीवर बसायच्या आणि तिथेच झोपायच्या. जेवायच्या वेळी मी अर्धी वाटी नेऊन द्यायची, धाकटी जाऊ अर्धी. मी ह्यांना शंभरदा म्हटलं, "आईंना आत घेऊन या हो." हे म्हणायचे, "रविवार आपल्या वाट्याला नाही. त्याचा हक्क मारल्यासारखं होईल." धाकटीने विचारलं की भावोजी हेच म्हणायचे, शब्द न् शब्द. अर्धा अर्धा रविवार करा म्हटलं, तर यादीवर बाबांची सही. असा राग यायचा की दोघांची डोकी धरून एकमेकांवर आपटावीत. आणि मीही अकरा वर्षं ती अर्धी वाटी नेऊन देत राहिले, हे सांगितलं नाही तर खोटं बोलल्यासारखं होईल.

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी जेवणानंतर आईंना खुर्चीतच डुलकी लागली आणि त्या घसरून पडल्या. डोकं आमच्या दारात, पाय भावोजींच्या दारात. दोघे भाऊ धावत आले आणि आपापल्या उंबऱ्यावर थांबले. ह्यांनी मान उचलली, भावोजींनी पाय. आई मध्ये लोंबकळत होत्या. दोघांनी आपापल्या डॉक्टरांना फोन केला. दोन्ही डॉक्टर आले. पहिल्याने मुरगळलेल्या डाव्या मनगटाला पट्टी बांधली. दुसऱ्याला करायला काही उरलं नाही, म्हणून त्याने उजवा हात तपासून उत्तम असल्याचं लिहून दिलं.

डॉक्टर गेल्यावर आई म्हणाल्या, "आता माझं ऐका. तळ्यातला हेडमास्तर ज्याच्या माशीला लागेल, त्याच्याकडे मी रविवारी झोपणार."

दोघांनीही मान डोलावली. हा वाटा नव्हता, कमाई होती, त्यात कुणाचा हक्क मारला जात नव्हता. मी मात्र मनात हिशोब मांडला. आईंचं वय चौऱ्याऐंशी, आणि हेडमास्तर गेली पंधरा वर्षं कुणालाच लागला नव्हता. मामंजी हयात असतानाच्या शेवटच्या वर्षांत त्यांनाही नाही. हाताएवढा जाडजूड मासा. ठरल्या वेळी वर यायचा, पाण्यात कुणी जे काही टाकलं असेल त्याच्याकडे नापसंतीने बघायचा आणि परत जायचा, म्हणून ते नाव.

पुढचे सहा रविवार मी तळ्यावर जाऊन बघितले. बघवत नव्हतं. एका काठावर हे, हातात नुसती मूठ आणि रीळ, दोर फेकला की पायाशीच पडायचा. समोरच्या काठावर भावोजी, हातात सुतळीएवढा बारीक शेंडा, दोर कोपराला गुंडाळलेला. ह्यांची चार उजव्या पिसांची माशी एका बाजूला गोल फिरायची, त्यांची चार डाव्या पिसांची दुसऱ्या बाजूला. हेडमास्तर वर आला. ह्यांच्या माशीभोवती एक चक्कर मारली, मग सावकाश भावोजींच्या काठाला जाऊन उलटी चक्कर मारली, आणि खाली गेला. दोघांनीही घड्याळं बघून वेळ टिपून ठेवली.

सहाव्या रविवारी घरी येऊन बघते तर आई खुर्चीत अंग चोरून बसल्या होत्या, पुन्हा पडू नये म्हणून जुन्या साडीने स्वतःला खुर्चीला बांधून घेतलेलं. ते बघून माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी धाकटीला म्हटलं, "आता आपणच बघायला हवं."

सातव्या रविवारी दोघे तळ्यावर गेले आणि आम्ही दोघींनी आपापल्या नवऱ्याची कपाटं उघडली. मी दोन उजवी पिसं काढली, तिने दोन डावी. दोघींनी एकेक डोळा घेतला.

"चोरी झाली की गं ही," मी म्हटलं.

धाकटी भावोजींच्या हाताखाली तयार झालेली. "चोरी कशी? रविवार कुणाच्याच वाट्याला नाही. आज जे होतंय ते कुणाचंच नाही, वहिनी."

पॅसेजच्या खिडकीतला शेगडा रविवारी मोकळाच असे. मी गळ त्यात अडकवला. मामंजींना बांधताना वीस वर्षं बघितलं होतं, पण बघणं वेगळं आणि करणं वेगळं. पहिल्यांदा दोरा तुटला. दुसऱ्यांदाही तुटला.

"ताण दे, पण रागाने नको," आई खुर्चीतून म्हणाल्या. "राग आल्यावर त्यांचाही तुटायचा."

दांड्यावर चंदेरी जर गुंडाळली, वेढ्याला वेढा लागून, मध्ये फट न ठेवता. मग माशीच्या गळ्याखालची दाढी, म्हणजे केसांचा झुबका, राहिली. तिला मऊ पिसाचे केस लागतात आणि आमच्याकडे चारच पिसं, चारही पंखाला हवीत. पाचवं कुणा एकाच्या कपाटातून घेतलं तर वाटणी बिघडायची. मी धाकटीकडे बघितलं, तिने माझ्याकडे.

आईंनी कमरेची पिशवी काढली. तिच्यातून एक घडी घातलेला रुमाल निघाला आणि रुमालातून एक करडं पीस. ते कुठल्याच बाजूला वळत नव्हतं.

"कुणी उचलेना," त्या म्हणाल्या. "मग मी उचललं."

बोलले असते तर रडले असते, आणि ओल्या डोळ्यांनी दोरा दिसत नाही. त्या पिसाचे केस सोलून गळ्याखाली बांधले. वर दोन डावी, दोन उजवी समोरासमोर बसवली, पंख कसा नीट मिटला. गालांवर दोन्ही डोळे लावले. गाठीवर द्यायला काळं वार्निश नव्हतं, धाकटीने आपलं लाल नेलपॉलिश आणलं.

"काळ्याच्या जागी लाल चालेल का हो आई?"

"न चालायला काय झालं? आता मास्तर आहे म्हणजे काय रंगही कळायचे का त्याला?"

नेलपॉलिश वाळल्यावर आईंनी मामंजींची पावती मागवली. बोट ठेवून वाचली. "रविवार, तळं," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षं ह्या दोघांनी मला चुकीच्या जागी बसवलंय. चला, न्या मला."

आम्ही कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्याची कपड्यांची गाडी मागून आणली. आत दुलई घातली, वर आईंना बसवलं. मी ढकलत होते, धाकटी समोरून खड्डे सांगत होती. रस्त्यात एका बाईने दोन चादरी आणून गाडीत टाकल्या आणि म्हणाली, "शनिवारपर्यंत हव्यात." आईंनी त्या गुडघ्यांवर पांघरून घेतल्या आणि बरं म्हणाल्या.

तळ्याच्या टोकाला लाकडी धक्का आहे, दोन्ही काठांच्या मधोमध. मामंजी तिथेच उभे राहायचे. तो कुणाच्या वाट्याला गेला नव्हता, म्हणून तिथे कुणी पायही ठेवत नव्हतं. गाडी त्याच्यावर घातली तशा फळ्या वाजल्या आणि दोन्ही काठांवरून दोघांनी वर बघितलं.

"दोघं इकडे या," आई म्हणाल्या. "आपापलं घेऊन या."

आले. एक उजवीकडून, एक डावीकडून, मध्ये आई. आईंनी ह्यांच्या हातातली मूठ घेतली, भावोजींच्या हातातला शेंडा घेतला, एकात एक घातला आणि पिळला. अकरा वर्षांनी तो रॉड रॉड दिसला. मग मी माशी दिली.

ह्यांनी ती डोळ्याजवळ धरली. "ही माझी उजवी आहेत. दोन."

"आणि डावी माझी," भावोजी मला म्हणाले. "वहिनी, त्याला सांगा, डावी माझी."

"बाजूला व्हा," आई म्हणाल्या.

"आई, तुला येतं का?"

"ते डुलकी काढायचे तेव्हा रॉड कोण धरायचं? तुमची मावशी?"

त्यांनी उजव्या हाताने, डॉक्टरांनी उत्तम म्हणून लिहून दिलेल्या हाताने, दोर फेकला. माशी लांब जाऊन पडली. आई थोडा थोडा दोर ओढत होत्या आणि ती सरळ येत होती, गोल नाही, तिरकी नाही, सरळ. मला इतकं बरं वाटलं की मासा लागला नसता तरी चाललं असतं, असं त्या क्षणी वाटलं. मग खालून एक करडी सावली वर आली, बघितलं, आणि पहिल्यांदाच परत गेली नाही.

पुढची दहा मिनिटं आई गाडीत बसल्या बसल्या लढत होत्या आणि गाडीची चाकं धक्क्यावर मागेपुढे होत होती. मी आणि धाकटीने गाडी धरून ठेवली. "दोर सोड," हे म्हणत होते. "ओढ," भावोजी म्हणत होते. आईंनी कुणाचंच ऐकलं नाही. शेवटी हेडमास्तर धक्क्याला टेकला, कुशीवर पडलेला, धापा टाकत. भावोजींनी खिशातून काट्याचा तराजू काढला. ह्यांनी फूटपट्टी काढली.

आईंनी ते बघितलं. वाकून माशाच्या ओठातून माशी सोडवली आणि मासा पाण्यात सोडून दिला.

"अगं आई, सोडलास काय?"

"ठेवला असता तर तुम्ही कापला असतात," त्या म्हणाल्या. "बरोब्बर मधोमध."

दोघांनी तराजू आणि फूटपट्टी खिशात घातली. मग हिशोब सुरू झाला, कारण त्याशिवाय ह्या घरात काही संपत नाही. डावी पिसं दोन, उजवी दोन. डोळे एक आणि एक. मूठ एकाची, शेंडा एकाचा. सगळं सारखं. रविवार पुन्हा कुणाचाच नाही, असं दोघांच्या चेहऱ्यावर एकदमच उमटलं.

"दाढी कुठली आहे ते बघा," आई म्हणाल्या.

ह्यांनी खिशातलं भिंग डोळ्याला लावलं. बराच वेळ बघितलं. मग भिंग भावाच्या हातात दिलं. भावोजींनीही बघितलं. ते पीस दोघांनीही ओळखलं.

"ते माझं," आई म्हणाल्या. "तुमचं तुमचं सारखं झालं, उरलं ते माझं. मासा मी धरला. रविवारी मी माझ्याकडे झोपणार."

"तुझ्याकडे म्हणजे कुठे, आई?" ह्यांनी अगदी सरळ मनाने विचारलं.

"तेच मी अकरा वर्षं बघतेय," आई म्हणाल्या, "की हे कुणीतरी विचारेल."

ह्यांचा चेहरा पडला. भावोजींनी दोर गुंडाळायला घेतला. परत येताना गाडी दोघांनी ढकलली, एका दांडीला दोन हात एकाचे, दोन दुसऱ्याचे, आणि अंतर कुणी मोजलं नाही.

घरी आल्यावर दोघांनी पॅसेज मोजला. फीत लांब, एकट्याने धरता येईना.

"ओढ," हे म्हणाले.

"धरलंय," भावोजी म्हणाले.

मी आणि धाकटी स्वयंपाकघरांच्या दारांत उभ्या होतो. आम्ही एकमेकींकडे बघितलंसुद्धा नाही, न जाणो, तेवढ्याने बिघडायचं. माळ्यावरून मामंजींची खाट काढली आणि पॅसेजमध्ये घातली. ती इतकी तंतोतंत बसली की दोन्हीकडची दारं जेमतेम अर्धी उघडत. बाहेर जायचं तर आईंना विचारून, त्यांच्या पायथ्याशी अंग चोरून जावं लागे.

संध्याकाळी सवयीने मी अर्धी वाटी नेली, धाकटीने अर्धी. आईंनी दोन्ही ठेवून घेतल्या आणि म्हणाल्या, "मोठं पातेलं आणा. भात, आमटी, भाजी, दोन्हीकडचं सगळं त्यात ओता. माझ्या घरी पाहुणे जेवायला आहेत."

दोघे भाऊ खाटेच्या दोन बाजूंना आपापल्या दारात जमिनीवर बसले. आईंनी उजव्या हाताने पातेल्यात सगळं एकत्र कालवलं आणि मुरगळलेल्या डाव्या हाताने वाढायला लागल्या. डाव आमच्याकडे आला तेव्हा हात थरथरला आणि ह्यांच्या ताटात ढीग पडला. भावोजींच्या ताटात त्याच्या निम्मंच. हे आपल्या ताटाकडे बघत होते, मग भावाच्या ताटाकडे.

"आई, मला जास्त पडलंय. ह्याला..."

"गप जेव."

ह्यांनी भावाकडे बघितलं. वजनमापांच्या इन्स्पेक्टरने ते ताट एका नजरेत मोजलं असणार, तोळामासा फरकासकट.

"असू दे, दादा," ते म्हणाले.

हे खाली मान घालून जेवायला लागले. दोनदा चष्मा काढून पुसला. आपल्या वाट्याच्या वरचं काहीतरी ह्यांनी अकरा वर्षांत पहिल्यांदा खाल्लं, आणि पानात शीतही टाकलं नाही.